गुडघ्यावरची थाप

डिकी उघडली आणि मिस्त्रीने आत वाकून बघितलं. आत दोन भलेमोठे स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर आणि वर एक जादा बॅटरी. गाडी मागून इतकी बसली होती की चाक आणि मडगार्डच्या मध्ये बोटसुद्धा जात नव्हतं. गाडीवाला पोस्टातला कारकून, पन्नाशीचा, पडेल आवाजात बोलणारा. घरी आई अंथरुणाला खिळलेली, तिला जरासुद्धा आवाज सोसत नाही, म्हणून गाणी ऐकायची ती गाडीतच. दोन गॅरेजवाल्यांनी त्याला स्पीकरचे डबे काढून टाका म्हणून परत पाठवलं होतं. बायको तर या गाडीला बसलेली म्हैस म्हणते, असं सांगून तो स्वतःच हसला. मिस्त्रीही हसला, पण त्याच्या ओठांकडे बघून.

मिस्त्रीला ऐकू येत नव्हतं. चाळीस वर्षं घण मारून कान गेले होते. समोरच्याच्या तोंडाकडे बघून बोलणं भागायचं, पण गाडीखालची बारीक करकर गेल्या नऊ वर्षांत त्याच्यापर्यंत पोचली नव्हती. आणि स्प्रिंगांचं काम करणाऱ्याचं सगळं पोट त्या करकरीवर. हे ठाऊक होतं फक्त त्याच्या बायकोला. काम झालं की ती पिशवी घेऊन शेजारच्या सीटवर बसायची, बाजारात जायचं निमित्त करून. तो खड्ड्यांतून गाडी घालायचा. कुठे आवाज आला की ती त्याच्या गुडघ्यावर हलकी थाप मारायची. गिऱ्हाइकांच्या गाड्यांतून बायकोला फिरवतो म्हणून आळीने त्याची यथेच्छ टिंगल केली. त्याने ती खुशाल करू दिली.

तिला जाऊन चार महिने झाले होते. तेव्हापासून तो फक्त ऑइल बदलायचा, पंक्चर काढायचा. पण वजन कमी करा म्हणून गिऱ्हाइकाला परत पाठवायचं, तर मग मिस्त्री म्हणून बसायचं कशाला? त्याने काम घेतलं.

डबे उतरवून दोन दिवस तो गाडीखाली होता. मागे जाड तारेच्या स्प्रिंगा घातल्या, कडक शॉकअप बसवले. डबे पुन्हा चढवले, तर मडगार्डखाली बरोबर चार बोटं जागा राहिली. कारकून हरखला. गाणं लावायला त्याने हात पुढे केला.

तसंच जाऊ द्यावं, असं मिस्त्रीच्या मनात आलं. एकदा गाणं लागलं की कसली करकर नि कसलं काय. बहिऱ्या मिस्त्रीकडे उद्या कोण गाडी देणार होतं? पण त्याने कारकुनाचा हात धरला.

"गाणं नको, साहेब. आधी एक चक्कर मारू. आवाज तुम्हाला ऐकावा लागेल. मला ऐकू येत नाही."

कारकुनाला ती थट्टा वाटली.

"बायको ऐकायची," मिस्त्री म्हणाला. "आवाज आला की गुडघ्यावर थाप मारायची. आता ती नाही."

चावी मिस्त्रीच्या हातात देऊन कारकून शेजारच्या सीटवर जाऊन बसला.

पहिल्याच गतिरोधकावर थाप पडली. दुसऱ्यावर पुन्हा. मिस्त्रीने गाडी कडेला घेतली आणि त्याच्या तोंडाकडे बघत विचारलं, कसा आवाज?

"जुन्या लाकडी खुर्चीत कुणी सरकून बसावं ना, तसा. मागून, डावीकडून."

गाणी ऐकणाऱ्याचा कान तो. मिस्त्रीला तिथल्या तिथे कळलं. सांध्यांतल्या रबरी बुशांचे बोल्ट आवळायचे ते डिकीत पुरता भार असताना, गाडी चाकांवर उभी करून. नाहीतर भार पडला की रबर पिळलं जातं आणि कुरकुरतं. त्याने ते रिकाम्या गाडीवर आवळले होते. शेवटचा पाना फिरवायच्या आधी बायको दारात येऊन विचारायची, माल भरला का? इतकी वर्षं तो त्या प्रश्नावर वैतागत आला होता. या वेळी विचारायला कुणी नव्हतं. नवशिक्याची चूक होती, आणि त्याने ती कारकुनाला तशीच सांगितली.

गॅरेजात परतल्यावर डबे जागेवर ठेवूनच तो गाडीखाली सरपटत गेला. सगळे बोल्ट सैल केले, गाडी दोनदा दाबून बसू दिली आणि मग आवळले.

पुन्हा तोच खड्ड्यांचा रस्ता. पहिला गतिरोधक गेला, दुसरा गेला. पुढे चर खणून बुजवलेला पट्टा होता, तिथे त्याने मुद्दाम डावं चाक घातलं. कारकून डोळे मिटून, मान जराशी तिरपी करून ऐकत होता. त्याचा हात स्वतःच्या मांडीवर तसाच राहिला. काम चोख झालं होतं.

रस्ता संपला. मिस्त्रीने गाडी वळवली आणि तपासायचं काही उरलं नसताना, अगदी सावकाश, पुन्हा त्याच खड्ड्यांतून घातली.