शुक्रवारचा चुंबक

या, असे पुढं सरकून बसा. सातिवलीच्या एका गाळ्यात अडकलेल्या तीन बोटांची गोष्ट आहे, ती लांबून ऐकायची नाही.

विनितानं डावा हात ओढून पाहिला. आला नाही. वहीच्या आकाराचा जाड चुंबक टेबलाच्या पोलादी पत्र्यावर तिरका बसला होता आणि त्याच्या खाली तिची मधली तीन बोटं होती. ठोकळा खोक्यातून काढायचा आणि त्यावर चिठ्ठी चिकटवायची, एवढंच काम होतं. खालचा पुठ्ठा सरकला आणि टेबलानं ठोकळा तिच्या हातातून हिसकावून घेतला.

शुक्रवार म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीची सुट्टी. जुन्या पवनचक्क्यांतले चुंबक सोडवणाऱ्या त्या गाळ्यात उरलेल्या चिठ्ठ्या संपवायला ती एकटीच आली होती. मोबाइल दाराजवळच्या फळीवर होता. चुंबकाजवळ तो न्यायचा नाही, हा नियम तिनंच भिंतीवर लिहून लावलेला. टेबल जमिनीत बोल्टनं आवळलेलं. लाकडी पाचरी कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली शेठकडे आणि शेठ गावाला.

"काका! भालचंद्रकाका!"

फाटकावरचे वॉचमन भालचंद्रकाका धावत आले ते पहार घेऊनच.

"थांबा! लोखंड आत आणू नका! तिथंच टाका. किल्ल्यापण. पट्टापण काढा."

"पट्टा काढला तर पँट कोण धरील, बाय?" असं म्हणत त्यांनी पट्टा काढला आणि खांद्यावरचा पंचा कंबरेला आवळला. जवळ येऊन त्यांनी तिचा हात पाहिला आणि त्यांची थट्टा विरली.

दाराशी जाऊन त्यांनी अग्निशमनवाल्यांना फोन लावला. पाऊण तास लागेल, असं उत्तर आलं. विनिता बोटांकडे पाहत होती. नखं जांभळी झाली होती. मघा ठणकत होती ती बोटं, आता ठणकतही नव्हती.

"पाऊण तासात ही जातील, काका."

"काय हवंय तुला?"

"लाकूड. कठीण आणि चपटं."

काका बाहेर गेले आणि आपली डब्याची पिशवी घेऊन आले. डब्याखाली जुन्या लुगड्याच्या फडक्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं. त्यांनी गाठ सोडली. आत चिपळ्या होत्या, वापरून गुळगुळीत झालेल्या.

"शिसवी आहेत. झांजा पितळेच्या. चालतील?"

"पितळ चालतं. पण काका, तुम्ही कीर्तन करता?"

दोन वर्षं दोघं एकाच बाकावर डबा खात होती.

"करायचो." दाराबाहेरच्या कुंडीखालची वीट त्यांनी उपसून आणली. "आता डोळे मीट. मी विचारीन, तू सांग. चिठ्ठीवर काय लिहीत होतीस?"

"निओडिमियम. लॅन्थनाइड."

"त्यातलं दुसरं म्हणजे काय?" एका चिपळीचं टोक फटीत बसलं. विटेचा पहिला घाव पडला आणि झांजा किणकिणल्या.

"पंधरा... पंधरा धातूंचं कुटुंब आहे. ग्रीक शब्दावरून नाव पडलं. लपून राहणं, असा अर्थ."

"कुणापासून लपले?" दुसरा घाव.

"दुर्मिळ माती म्हणतात त्यांना. पण दुर्मिळ नाहीत. जमिनीत पुष्कळ आहेत." तिनं उजव्या हातानं टेबलाची कड धरली. "एकमेकांत इतके मिसळलेले, इतके सारखे, की वेगळे काढताना लोकांची आयुष्यं गेली."

"असं होय," काका म्हणाले. आवाज एकदम भरदार झाला, समोर शंभर माणसं बसल्यासारखा. "म्हणजे ऐका मंडळी! हरवलेलं काही नव्हतं. होतं ते इथंच होतं, सोबत्याला घट्ट धरून. त्याला ओढू नका, जागा करून द्या. विठ्ठल विठ्ठल म्हणा!"

"विठ्ठल," विनिता रडत म्हणाली.

तिसऱ्या घावाला ठोकळा तांदळाच्या दाण्याएवढा उचलला गेला. चौथ्याला लाकूड कडाडलं.

"ओढ!"

हात सुटला. मागोमाग ठोकळा टेबलावर आदळला आणि चिपळीचे तुकडे उडाले. एक झांज गरगरत भिंतीपर्यंत गेली.

बोटं वाचली, एक नख गेलं. सोमवारी हाताला पट्टी बांधून ती आली, तर काका टेबलाशी उभे होते. टेबलाच्या लाकडी पायाला सुतळीनं त्यांनी उरलेली चिपळी टांगली होती.

"काका, अहो, मी तुम्हाला नवी जोडी आणणार आहे."

"नको. ही एकटी वाजायची नाही. इथं कामाला येईल. कपाटाला काय, कुलूप असतं."

"कुणी दिल्या होत्या?"

"बायकोनं. चंद्रकांतानं. मनवेलपाड्याला मी कीर्तनाला उभा राहिलो की ही पहिल्या रांगेत. ती गेली, मग वाजवून दाखवायची कुणाला? डब्याला तिचाच हात लागायचा, म्हणून डब्याखाली ठेवल्या." ते फाटकाकडे वळले. "चहा आला की हाक मार."

शेठनं त्या दिवशी हत्यारांची यादी भिंतीवर लावायला सांगितली. विनितानं उजव्या हातानं सावकाश लिहिली. पितळी कांब, लाकडी हातोडा, पाचरी. मग तिनं शेवटची ओळ लिहिली: चंद्रकांता, एक, कुलपाबाहेर.

शेठनं यादी वाचली, तिच्या पट्टीकडे पाहिलं आणि खाली सही केली.

तेव्हा मंडळी, उठताना एवढं करा. पहिल्या रांगेत बसून ऐकणारं कुणी तुमचंही असेल. त्यांचं नाव घ्या, आणि त्यांच्याबरोबर मनवेलपाड्याच्या चंद्रकांताबाईंचीही आठवण असू द्या.