हलकं पडणारं चाक

या मायबाप, असे दूर का बसलात? पुढे सरका. देव कुणाचं काम कुणाच्या हातून करून घेईल सांगता येत नाही, त्याचीच आज एक गोष्ट ऐकवायची आहे.

एक होती भाची आणि एक तिची आत्या. भाचीनं तीन वर्षं खपून कॉम्प्युटरवरच्या शर्यतीच्या खेळासाठी स्टिअरिंगचं चाक बनवलं होतं. आत मोटर, पडद्यावरची गाडी वळली की चाक हाताला ओढ देतं. दुपारी चारला शर्यतीची गाडी चालवायला शिकवणाऱ्या शाळेचे मास्तर ते बघायला येणार होते. त्यांनी मान डोलावली तर तिचा छोटासा कारखाना टिकणार, नाहीतर पोरीला पुन्हा दुसऱ्याच्या हाताखाली राबावं लागणार.

दोन वाजता आत्या टपकली. तीस वर्षं बस चालवलेली बाई. चाक दिसल्यावर गप्प बसते थोडीच!

"अगं, हे चाक आहे की पैलवान?" पहिल्याच वळणाला ती ओरडली. "मनगटं उपटतोय मेला!"

"आत्या, खऱ्या गाडीत जोर लागतोच."

तेवढ्यात पडद्यावरच्या ओल्या वळणावर गाडी सटकली आणि कठड्यावर आदळली.

"मला आधी सांगितलं का नाही?"

"मी काय सांगणार?"

"तू नाही गं, चाकानं! टायरची पकड सुटायला लागली की चाक हलकं पडतं, पोकळ लागतं. तुझं तर उलट जड होतंय."

भाची ओशाळली. घसरताना माणसाची घाबरगुंडी उडावी म्हणून तिनंच तिथं जोर वाढवून ठेवला होता.

"पण तुझी बस कुठे, शर्यतीची गाडी कुठे?"

"रबर दोन्हीकडे रबरच असतं, शहाणे!"

मग काय, भाची बसली कॉम्प्युटरशी आणि आत्या डोळे घट्ट मिटून चाकाशी. "अजून जड आहे... अजून... हां, आता पकड सुटली बघ!" भाचीनं पडद्याकडे पाहिलं. पुढचे टायर नेमके त्याच क्षणी घसरू लागले होते.

चारला मास्तर आले. चाक हातात घेऊन भाचीला शाळेच्या गमती सांगत सुटले. ओलं वळण आलं, चाक हलकं पडलं, आणि बोलता बोलताच त्यांचा अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय आपोआप वर उठला. गाडी सावरली. मास्तर स्वतःच्याच पायाकडे बघत राहिले.

"हे तर बोलतं हो!" ते म्हणाले. "अशी सहा चाकं पाठवा शाळेत."

"बोलायला शिकवलं कुणी, तेही विचारा की!" आत्या कोपऱ्यातून म्हणाली.

तर मायबाप, ओल्या रस्त्यावर कधी हातातलं चाक अचानक हलकं वाटलं, तर पाय अलगद उचला, देवाचं नाव घ्या, आणि त्या नावापाठोपाठ आमच्या आत्याचीही आठवण काढा.