भाऊजींच्या तोंडाचं तिकीट

माझे थोरले दीर, गंगाधरभाऊजी, यांनी साठीच्या निमित्ताने स्वतःचा फोटो असलेली टपाल तिकिटं छापून घेतली. पोस्टात अशी सोय आहे, पैसे भरले की कुणाचंही थोबाड तिकिटावर येतं. तेव्हापासून आमच्या बिरवाडीच्या घरातून साधा तक्रारअर्जसुद्धा भाऊजींच्या तोंडाशिवाय बाहेर पडत नाही. वर ते तिकीट जिभेने चाटून लावायचं. गालात कायम सुपारी, त्यामुळे कडेला तांबूस ओघळ. ती पाकिटं मी चिमटीत धरूनच उचलते.

मागच्या खोलीत पूनम भाड्याने राहते, कारखान्यात पॅकिंगला जाते. मूळची कापडे गावच्या वरच्या वाडीवरची. तिने राहुलशी स्वतःच्या पसंतीने लग्न केलं आणि मस्कतला असलेल्या तिच्या भावाने, नीलेशने, तिच्याशी बोलणंच टाकलं. फोनसुद्धा घेईना. यंदा आखाडात मात्र तो आईला म्हणाला, "राखी पाठव म्हणावं तिला. आली तर बांधीन आणि मीच फोन करीन." हे मला सांगताना पूनम हसतही होती आणि डोळेही पुसत होती. महाडच्या बाजारातून तिने रेशमी राखी आणली, पाकिटाच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं.

"पोस्टात वजन करून येते, काकू," ती म्हणाली.

भाऊजी झोपाळ्यावरून उठले. "पोस्टात कशाला? इकडे आण."

"परदेशात जायचाय काका. जास्ती तिकीट लागतो म्हनतात."

"अगं, भारत सरकारचं तिकीट आहे. त्यावर माझा फोटो. कोण अडवतो बघू!"

मी म्हटलं, "भाऊजी, हे देशातल्या पत्राचं तिकीट. मस्कतला पुरायचं नाही. निदान शेजारी आणखी तिकिटं तरी लावा."

"शेजारी काही लावलं की फोटोची शोभा जाते, शुभदा." चाटलं, चिकटवलं, तळव्याने दाबलं आणि फिरायला जाता जाता पेटीत टाकलंसुद्धा. घरमालकाच्या मोठ्या भावाच्या हातातून पाकीट हिसकावणार कोण?

दुसरी राखी पाठव, असं मी तिला परोपरीने सांगितलं. तर म्हणे, "एका भावाला दोन दोन कशा पाठवू? काका एवढे सांगतात, जाईल ती."

राखीपौर्णिमा होऊन गेली. फोन काही आला नाही. मग एका दुपारी पोस्टमनने पाकीट आणून दिलं. तिकीट अपुरं, म्हणून परत. भाऊजींनी ते चष्मा लावून उलटसुलट पाहिलं. मला वाटलं, आता तरी मान खाली जाईल.

"नेमका माझ्या तोंडावर शिक्का मारलाय गं! काही रीतभात आहे की नाही या लोकांना?"

किळस आली मला. त्या ओघळाची नव्हे, त्या माणसाची.

तेवढ्यात पूनम फोन घेऊन अंगणात आली. तिच्या खोलीत रेंज नसते, म्हणून आई साळूबाईशी ती आमच्या दारातच बोलते, आणि म्हातारीचा आवाज फोनमधून सगळ्यांना ऐकू जातो.

"आये, मी धाडलेली गो. परत आली. सांग त्याला."

"सांगितला गो. तो म्हनतो, रूमवरल्या समद्यांच्या आल्या, हिचीच कशी नाय आली? त्याचा हात मोकळा बघून बाजूच्या पोराने आपल्या भैनीची जास्तीची राखी त्याला बांधली. आता म्हनतो, तीच माझी भैन."

"झालं तर मग!" झोपाळ्याला पायाने रेटा देत भाऊजी म्हणाले. "बांधली ना त्याने राखी? उगाच मेलं घर डोक्यावर घेतलंय!"

माझ्या तोंडात शिवी आली होती. पण पूनमचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. ती रडतही नव्हती. दोन्ही हातांनी फोन धरून तिने हळूच विचारलं,

"आये, त्या पोरीचा नाव काय गो?"