शून्य म्हणजे सारखे

मी एक जुना इंटरफेस आहे, मित्रांनो. नाव ऐकून दचकू नका. इंटरफेस म्हणजे प्रोग्राममधलं वचन. काय करायचं तेवढं मी सांगतो. कसं करायचं ते ज्याचं त्याने भरायचं. माझं नाव 'तुलना'. माझ्या पोटात एकच काम आहे, 'आधीकोण'. एकाच प्रकारच्या दोन गोष्टी घ्यायच्या आणि सांगायचं, रांगेत आधी कोण. पहिली आधी असेल तर उणे एक, दुसरी आधी असेल तर एक, आणि दोन्ही सारख्या असतील तर शून्य.

गोष्टी कोणत्या, ते मी विचारत नाही. पायलीत ज्वारी मोजा, हरभरा मोजा, पायली कुरकुरत नाही. मीही तसाच.

कुंदा मॅडमनी मला १९९६ साली जळगावात लिहिलं, पिंप्राळ्याच्या एका कॉम्प्युटर क्लासात. परीक्षेच्या निकालाला मला जोडलं, तेव्हा 'आधीकोण'मध्ये गुणांची तुलना लिहिली गेली. सावद्याच्या केळीला जोडलं, तेव्हा घडाच्या वजनाची. एकदा लिहिला आणि कुठेही चालतो, म्हणून माझं फार कौतुक झालं. मी सुखावलो. आता त्या सुखाची लाज वाटते.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी धुळ्याकडच्या एका कचेरीला पाण्याच्या टँकरची यादी हवी होती. चौसष्ट गावं-वस्त्या, टँकर दोन. ज्याची विहीर जास्त आटली त्याचं नाव वर. काम निंबाभाऊंकडे आलं. ते क्लासातच शिकवत. त्यांनी 'गाव' नावाचा क्लास, म्हणजे प्रत्येक गावाची माहिती भरायचा साचा, लिहिला, मला जोडला, आणि 'आधीकोण'चा कंस उघडून आत एवढंच लिहिलं: उत्तर शून्य.

"अहो, हे काय?" मॅडम म्हणाल्या.

"कंपायलर कुरकुर करत होता, त्याचं तोंड बंद केलं. खरं ते उद्या भरतो."

कंपायलर हा आमचा तपासनीस. त्याने नाव पाहिलं, बरोबर. उत्तर आकड्यात आहे का पाहिलं, आहे. शिक्का मारून मोकळा झाला. आतला आकडा खरा की खोटा, हे तो बघत नाही. आणि निंबाभाऊंचा उद्या उगवला नाही.

कुठल्याही दोन गावांचं उत्तर शून्य. सारख्यांना जागचं हलवायचं नाही, असा यादी लावणाऱ्याचा नियम. म्हणून जी नावं ज्या क्रमाने टाइप केली, त्याच क्रमाने छापून आली. आधी मोठी गावं, मग लहान, सगळ्यांत शेवटी गावकुसाबाहेरच्या वस्त्या. चौसष्टावं नाव तानुबाईंच्या वस्तीचं. त्यांची पाळी नवव्या दिवशी. त्यांच्या नावापुढे 'विहिरीत पाणी: शून्य हात' असं टाइपही केलेलं होतं. ते कुणी वाचायचं? वाचायचं काम माझ्या पोटातलं, आणि पोट रिकामं.

तानुबाई कचेरीतल्या कारकुनाकडे, मगनभाऊंकडे, आल्या. "मगनभाऊ, आमनी विहीर कोरडी शे, मंग आमनं नाव बठ्ठास्ना खाले कसं?" बठ्ठास्ना खाले, म्हणजे सगळ्यांच्या खाली.

"अक्का, यादी कॉम्प्युटरनी काढेल शे. त्याले बठ्ठा सारखा."

"सारखा? मंग तहान बी सारखी वाटी दे ना! मनी सून भागाबाई पानी खरडाले विहीरमा उतरनी, पाय मोडी बसनी."

कुंदा मॅडम त्या दिवशी प्रिंटर बघायला आल्या होत्या. त्यांनी ऐकलं, प्रोग्राम उघडला, आणि ते एकटं शून्य पाहिलं. मग चार ओळी लिहिल्या. विहिरींच्या पाण्याची तुलना. नवी यादी निघाली. पहिलं नाव तानुबाईंच्या वस्तीचं.

"मॅडम, जुन्या यादीवर साहेबांची सही झालीय," मगनभाऊ म्हणाले. "आता पावसाळ्यापर्यंत तीच."

चार ओळींना चार मिनिटं लागली होती. सही मात्र चार महिने हलली नाही. तानुबाई नवव्या, अठराव्या, सत्ताविसाव्या दिवसाची वाट बघत राहिल्या. भागाबाईंचा पाय वाकडाच जुळला. कचेरीत निंबाभाऊंच्या प्रोग्रामचं कौतुक झालं, एकदाही अडला नाही म्हणून.

मित्रांनो, उद्या तुमच्याही हाती असं कुणाचं तरी वचन येईल. ते भरता आलं नाही, तर रिकामं सोडा. तपासनीसाला ओरडू द्या, काम अडू द्या. अडलेल्या कामाजवळ कुणीतरी येऊन थांबतं, काय झालं विचारतं. खोटं भरलेलं काम चालत राहतं, आणि त्याच्याखाली कोण आलं, हे बघायला कुणी येत नाही.