रस्त्याकडेचं हेल्मेट

वेंडेल प्रुसाकने नोकरीभर ओहायोतल्या लिफ्ट तपासल्या आणि लोकांना सुखरूप वर-खाली जाऊ दिलं. निवृत्त झाल्यावर त्याला आडवं जावंसं वाटलं. थेट ओरेगनच्या समुद्रापर्यंत, मोटरसायकलवर, आणि एकट्याने.

मार्लिनने, म्हणजे बायकोने, नाही म्हटलं नाही. तिने अट घातली. "वाटेत एकदा जरी कुणाला तुझ्या मदतीला धावावं लागलं, तर गाडी रॉयला." रॉय तिचा भाऊ. त्याने आपल्या गॅरेजातली एक बाजू झाडूनसुद्धा ठेवली होती.

नेब्रास्कापर्यंत वेंडेलने कुणाला साधा रस्तासुद्धा विचारला नाही. दोनदा चुकला, पण स्वतःच्या हिमतीवर चुकला. तिथल्या गवताळ टेकड्यांत, नजर पोचेल तिथवर माणूस नाही असं बघून, तो जेवायला थांबला. हेल्मेट सीटवर ठेवू नका, घरंगळून पडलं की कामातून गेलं, असं ते विकणाऱ्या दुकानदाराने बजावलं होतं. म्हणून त्याने ते गाडीच्या मागे, रस्त्याच्या कडेला, जमिनीवर नीट ठेवलं आणि अंड्याचं सँडविच कागदातून बाहेर काढलं.

असं ठेवलेलं हेल्मेट म्हणजे मोटरसायकलवाल्यांमध्ये 'वाचवा' अशी हाक असते. दुकानदाराने हे सांगितलं नव्हतं. इतकं तर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, असा त्याचा समज.

पहिला घास घशाखाली उतरतो न उतरतो तोच पांढऱ्या वेणीची एक बाई करकचून ब्रेक मारून थांबली. नाव डॉटी.

"काय झालं रे बाळा?"

"काही नाही. जेवतोय."

"माझा नवराही छातीत कळ आली तेव्हा असंच म्हणाला होता," डॉटी म्हणाली आणि त्याची नाडी बघायला लागली.

तेवढ्यात तिच्या मागून क्लाइड आला. दाढी पोटापर्यंत, पोट टाकीपर्यंत. त्याच्यामागून आणखी सहा जण.

"भावा, लाजू नकोस," क्लाइड म्हणाला. "गाडी सगळ्यांचीच बंद पडते."

"बंद पडलेली नाही हो! मी बंद केलीय!"

"बिचारा," मागून कुणीतरी हळहळलं. "उन्हाने डोकं फिरलंय."

एकाने त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं. क्लाइड गाडीशेजारी बसला, पेट्रोलची नळी चिमटीत धरून "बघू" म्हणाला, आणि ती तुटली.

सगळ्यांनी वाकून नळीची दोन टोकं बघितली.

"बघितलंस?" क्लाइड विजयी सुरात म्हणाला. "मी म्हटलं नव्हतं, बिघाड आहे?"

नेमका तेव्हाच मार्लिनचा फोन आला. तिच्याशी खोटं बोलणं वेंडेलला लग्नाच्या दिवसापासून जमलेलं नव्हतं. त्याने सगळं सांगून टाकलं. वेंडेलच्या डोळ्यांसमोर रॉय किल्ली फिरवत उभा राहिला.

"नळी तोडली कोणी?" मार्लिनने विचारलं.

"क्लाइडने."

"दे त्याला फोन."

क्लाइडने फोन कानाला लावला आणि आपोआप टोपी काढली. "हो बाई... नाही बाई... हात शिवशिवले, बाई... नाही, माझ्या घरीही असंच म्हणतात, बाई."

फोन परत आला तेव्हा निकाल लागलेला होता. "ज्याने मोडलं त्यानेच जोडणं, ही काही मदत नव्हे," मार्लिन म्हणाली. "ती भरपाई. गाडी तुझीच. रॉयला मी सांगते."

वेंडेलला भर रस्त्यात नाचावंसं वाटलं.

"पण त्या नळीचा भरवसा काय? वाटेत पुन्हा तुटली तर? म्हणून भरपाई ओरेगनपर्यंत चालू राहील. तसं वदवून घेतलंय मी त्यांच्याकडून."

"अगं, मी एकटा..."

"ते आठ जण, तू एकटा. मी कुठे नाही म्हणतेय?"

क्लाइडने आपल्या सामानातून नळीचा तुकडा काढून बसवला. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली, आणि आठही जणांनी वेंडेलच्या पाठीवर थापा मारल्या, जणू ती त्यानेच दुरुस्त केली होती. सगळ्यांनी मिळून त्याला रांगेच्या मधोमध घेतलं. पुढे डॉटी, मागे क्लाइड.

"भावा, दर तासाला फोटो पाठवायचाय बाईंना," क्लाइड ओरडला. "जरा हस की!"

वेंडेलने सँडविचचा राहिलेला घास तोंडात टाकला, मुकाट्याने हेल्मेट घातलं आणि आतल्या आत, एकट्यानेच, तो गिळला.