राऊटरची साडेसाती

मुलांनो, मनात एक खोली उभी करा. साक्री तालुक्यातल्या एका पिंप्री गावचं आरोग्य केंद्र. टेबलावर संगणक. धुळ्याचे डॉक्टर त्यातून गावातल्या रुग्णांशी बोलतात, छातीच्या ठोक्यांची पट्टी, म्हणजे ईसीजी, तिथूनच वाचतात. आता त्या खोलीच्या दारात शंभर माणसं कोंबा, कुणाच्या हाती नारळ, कुणाच्या हाती अगरबत्ती. आणि मधोमध बसवा लहरीबाबाला. अंगात भगवी कफनी, कानात बिनवायरचा इअरफोन.

"राऊटरला साडेसाती लागलीय!" बाबा गरजले. "सर्व्हरच्या आठव्या घरात राहू बसलाय. डोंगरातलं पिशाच्च मधल्या मधे सिग्नल गिळतंय!"

"जय लहरी!" माणसं ओरडली. डोकी शंभर, पण प्रश्न विचारायला तोंड एकही नाही.

पंधरा दिवस हेच चाललं होतं. जोडणीचा हिरवा दिवा लागे, पण डॉक्टर दिसत नसत. मग बाबा खोली रिकामी करवत. केंद्र चालवणाऱ्या मृणालीताईंना ओट्यावर बसवत आणि प्रेमराज या शिष्याला घेऊन पडद्याआड मंत्र म्हणत. पडदा सरला की डॉक्टर हजर! दुसऱ्या दिवशी ताई खुर्चीत बसल्या की पुन्हा गायब.

"जिनं घरातले देव उतरवले, तिच्या हाताला यंत्र कसं वळेल?" बाबांनी निकाल दिला. मृणालीताईंचं घर बौद्ध. निकाल देणाऱ्या या महापुरुषाला संगणक नीट बंद करता येत नव्हता. तो सरळ भिंतीवरचं बटण दाबून मोकळा होई. पण गावानं ऐकलं. ताईंना काढून टाकावं, असा अर्ज तयार झाला. चाळीस सह्या झाल्या. तो आज दुपारच्या एसटीनं तालुक्याला जायचा होता, आणि सध्या गावातल्या वडीलधाऱ्या सुकदेव आबांच्या खिशात होता.

बाबांच्या आजच्या मंत्राच्या मुहूर्ताला अर्धा तास होता. ताई शेवटचा प्रयत्न करत होत्या. शेजारी सहावीतली मोहिनी उभी होती. तिच्या आजीच्या, भिकुबाईच्या, छातीत दोन दिवस कळा येत होत्या.

"ताई, काय लिहिलं?"

"संगणकाला विचारलं, आपल्या निरोपाला धुळ्याला जाताना वाटेत कुठले कुठले थांबे लागतात ते सांग. तो म्हणतो, पोचता येत नाही."

"पण असं सांगतंय कोण? पुढे नंबर आहे तो कुणाचा?"

ताई थबकल्या. "अगं, हा तर आपल्याच संगणकाचा!"

"म्हणजे निरोप खोलीबाहेर गेलाच नाही? मग डोंगरातलं पिशाच्च काय गिळतंय?"

ताईंनी नंबर पुन्हा वाचला. एकशेब्याण्णव, एकशेअडुसष्ट, एक. धुळ्याच्या नंबरांची सुरुवातही हीच. त्या वाकून टेबलामागे बघू लागल्या. तिथे राऊटरच्या दोन पेट्या होत्या. काळी जुनी, धुळ्याहून आलेली. पांढरी नवी, प्रेमराजनं पंधरा दिवसांपूर्वी 'सेवा' म्हणून दिलेली. संगणकाची वायर पांढरीत होती.

"वायर काळीत घाला, असं मी सांगितलं तर म्हणतील, खुर्ची वाचवतेय," ताई पुटपुटल्या.

मोहिनी गर्दीकडे वळली. "आबा, मी करी दखाडू का?"

हशा पिकला. बाबा डोळे वटारून म्हणाले, "पोरी, लहरींनी जळशील!"

मोहिनीनं वायर पांढऱ्या पेटीतून काढली आणि काळीत घातली. मिनिटभरात संगणकाच्या पडद्यावर डॉक्टर आले. "बोला मृणालीताई, कोण आहे पहिलं?"

ताई खुर्चीतच होत्या. मोहिनीनं वायर परत पांढरीत घातली. डॉक्टर गेले.

"आता बाबा, वायरला हात नका लावजात. नुसता मंत्र म्हना."

बाबांनी अकरा वेळा म्हटला. एकवीस वेळा म्हटला. कपाळावरचं गंध घामानं नाकावर उतरलं.

"काय बाबा, रेंज नही का?" मागून कुणीतरी विचारलं.

प्रेमराजचा हात हळूच टेबलामागे सरकला. तपासणीसाठी टेबलाशी बसलेल्या भिकुबाईनं त्याचं मनगट धरलं. "काय धुंडी ऱ्हायना रे भो?"

पडद्याआड चमत्कार कोण करत होतं आणि दुसऱ्या सकाळी दिवा-समई न्यायच्या निमित्तानं येऊन तो कोण मोडत होतं, हे मग सगळ्यांना कळलं. ताईंच्या जागेवर प्रेमराजला आपल्या भावाला बसवायचं होतं.

"पन हिरवा दिवा तं लागे!" सुकदेव आबा म्हणाले.

ताई म्हणाल्या, "आबा, तो दिवा व्हीपीएनचा. व्हीपीएन म्हणजे धुळ्यापर्यंतचा आपला खासगी बोगदा. दिवा सांगतो, बोगदा उघडा आहे. निरोप त्यात शिरला की नाही, ते सांगत नाही. आपल्या भागात पिंप्र्या किती?"

"पाच-सात व्हतीन."

"पत्रावर नुसतं 'पिंप्री, घर नंबर दहा' लिहिलं, तर आपला पोस्टमन ते कुठे देईल?"

"आठेच. आपला दहा नंबरले."

"तेच झालं. पांढऱ्या पेटीनं या खोलीला धुळ्याचंच नाव दिलं. निरोप धुळ्याला इथेच शोधत बसला. वायर काळीत घातली की नावं वेगळी होतात, मग तो बोगद्यातून जातो."

मुलांनो, यात कळायला अवघड काय आहे? ज्याला खरं येतं, तो उजेडात करून दाखवतो. पडदा लागतो तो लबाडाला. बिघाड झाला की कुणाचा पायगुण शोधू नका, जात शोधू नका. निरोप कुठून निघाला, कुठपर्यंत पोचला, कुठे अडला, एवढंच शोधा.

वायर काळ्या पेटीत गेली, भिकुबाईची पट्टी धुळ्याला पोचली. डॉक्टरांनी तिला लगेच पाठवायला सांगितलं आणि गाडी बोलावली. बाबा कधी सटकले, कुणी पाहिलं नाही. सुकदेव आबांनी अर्ज काढला आणि दोन्ही हातांनी फाडायला धरला.

"फाडू नका, आबा," मोहिनी म्हणाली. "सह्या सगळ्यांसमोर केल्या ना? मग खाली लिहा, हे खोटं आहे. आणि मोठ्यानं वाचा. ताई इथेच आहेत."

आबा ताईंकडे पाहू शकले नाहीत. मोहिनीनं दप्तरातून पेन काढलं, टोपण उघडलं आणि त्यांच्यापुढे धरलं.