बापाला घेऊन या

सन शहात्तरचा एप्रिल संपत आला होता. होटगीच्या पलीकडं एका गावात श्रीमंत नावाचे गुरुजी सातवीचा वर्ग सांभाळत होते, आणि त्या वर्षी त्यांच्या वर्गानं त्यांना मान वर करून चालायला लावलं होतं. येडू धनगराची अंबू तालुक्याच्या गणिताच्या परीक्षेत पहिली आली होती. मोठमोठ्या गावांतल्या पोरांना मागं टाकून. गुरुजी ही गोष्ट एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालासुद्धा सांगत.

निकालाच्या दिवशी बक्षीस समारंभ करायचा, हे हेडमास्तरांनी ठरवलं. वीरभद्रप्पा हेडमास्तर तसे हात आखडलेला माणूस; खडू नखाएवढा झाल्याशिवाय दुसरा देत नसत. त्यांनी मांडव घालायचा म्हटलं, होटगीहून बॅटरीवरचा भोंगा आणायचा म्हटलं, बुंदीचे लाडू करायचे म्हटलं, तेव्हा सगळे मास्तर एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिले.

बक्षिसंही ढिगानं निघाली. पहिल्या नंबराचं, हजेरीचं, अक्षराचं, स्वच्छ टोपीचं, नखं कापून येण्याचं. शेवटी शेवटी तर ज्याला काहीच मिळालं नाही असं पोर शोधावं लागलं, आणि सापडलं तेव्हा हेडमास्तरांनी त्यालाही सद्वर्तनाचं बक्षीस लावलं.

"मात्र बक्षीस घ्यायला बाप आला पाहिजे," ते म्हणाले. "पोरांना सांगा, बापाला घेऊन या. बाप नाही तर बक्षीस नाही."

"आई आली तर?" श्रीमंत गुरुजींनी विचारलं.

"आई नको. वरनं तसं सांगितलंय."

त्या वर्षी 'वरनं' या शब्दापुढं कुणी बोलत नसे. आणीबाणी होती. वरूनच मास्तरलोकांना हुकूम आला होता की प्रत्येकानं नसबंदीच्या ऑपरेशनसाठी माणसं आणून द्यावीत. श्रीमंत गुरुजी त्यासाठी उन्हातान्हात घरोघर हिंडले होते. लोक दारं लावून घेत. एकानं तर ओसरीवरूनच कुत्रं सोडलं होतं. शेवटी कुणीच मिळालं नाही, आणि त्यांच्या नावानं नोटीस आली. ती दाखवायला गेले तेव्हा हेडमास्तर शांतपणे म्हणाले होते, "ते माझ्यावर सोडा. तुम्ही समारंभाचं बघा."

गुरुजींच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. ओझं कुठं जाऊन पडलं, हे त्यांनी विचारलं नाही.

येडूची मेंढरं तेव्हा वळसंगच्या शिवारात बसली होती. गुरुजी सायकल मारत तिथं गेले. त्यांना बघून येडू आधी बाभळीच्या आड सरकला, मग ओळख पटल्यावर हसत पुढं आला. अंगानं काटक, बोलायला कमी. त्याच्या बायकोनं, गोजाबाईनं, तांब्यातून ताक दिलं.

"येडू, पोरीनं नाव काढलंय. समारंभाला यायचं."

"ऐकलं की गुर्जी. पर मी गावात येत न्हाय हल्ली." येडूनं मेंढरांकडं बघत सांगितलं. "गाड्या फिरत्यात. बाजारातनं माणसं उचलून न्हेत्यात म्हनं. आमाला येकच पोर हाय. दोन ल्योक देवानं न्हेले. तितं काय इपरीत झालं तर?"

"अरे, शाळा आहे ती! शाळेत कोण येतंय उचलायला?"

"तुमी हाय न्हवं तितं?"

"मी आहे. माझ्या शब्दावर ये."

येडूनं गोजाबाईकडं बघितलं. ती म्हणाली, "जावा की. पोरगी रोज इचारतीया, आप्पा येनार का म्हनून."

परत येताना वारा पाठीमागून होता. गुरुजींना वाटलं, हे वर्ष कडेला लागलं.

समारंभाच्या आदल्या दिवशी हेडमास्तरांनी पाचवीचे आणि सहावीचे बाक बाहेर काढायला लावले. दोन्ही खोल्या फिनेलनं धुतल्या. खिडक्यांना आतून चादरी ठोकल्या. मागच्या फाटकाला साखळी घालून कुलूप लावलं. श्रीमंत गुरुजींनी विचारलं तेव्हा शिपाई ज्ञानू म्हणाला, "डाक्टर येनार हायत म्हनं, पोरांची तपासनी करायला." आणि तो घाईघाईनं निघून गेला. ज्ञानू कधी घाई करणारा माणूस नव्हता.

सकाळी माणसं जमायला लागली. धुतलेली धोतरं, तेल लावलेली पोरं. गावात दिसेनासे झालेले पुरुष त्या दिवशी मांडवात मांडी घालून बसले होते, कारण आपल्या पोराचं नाव भोंग्यातून ऐकायचं होतं. गुरुजी फाटकापाशी स्वागताला उभे होते. तेवढ्यात सोलापूरकडून जीप आली. तिच्यामागं निळी गाडी. गाडीतून पोलीस उतरले आणि फाटकाच्या दोन्ही अंगांना उभे राहिले. आत येणाऱ्याला ते काही म्हणत नव्हते. तंबाखूची पुडी आणायला निघालेल्या एका म्हाताऱ्याला मात्र त्यांनी हातानंच मागं फिरवलं.

गुरुजी पाचवीच्या खोलीकडं गेले, दार ढकललं. आत लाकडी टेबलं मांडली होती, त्यांवर रबरी कापड. स्टोव्हवर पाणी उकळत होतं. एक तरुण डॉक्टर बाही वर सारत होता. त्यानं गुरुजींकडं बघितलं आणि नजर वळवली.

हेडमास्तर ऑफिसात एकटेच बसले होते.

"हे काय केलंत?" गुरुजी ओरडले. "पोरांच्या बक्षिसाचं आमिष लावलंत?"

"हळू बोला."

"मी शब्द देऊन माणूस बोलावलाय!"

"सगळ्यांनीच दिलाय." हेडमास्तरांचे डोळे लाल होते. "माझ्या घरात चार पोरी आहेत, श्रीमंत मास्तर. महिनाअखेर माणसं दिली नाहीत तर नोकरी जाईल, असं तोंडावर सांगितलंय मला. आणि फक्त ज्यांना तीन-चार पोरं आहेत, त्यांनाच घेणार आहेत."

"येडूला एकच आहे. त्याला सोडायला सांगा."

बाहेरून भोंग्याची खरखर ऐकू आली.

"सांगा ना!"

"ते पोरं विचारत नाहीत हो," हेडमास्तर म्हणाले. "माणसं मोजतात."

गुरुजी फाटकाकडं पळाले. येडू आला की त्याला बाहेरच्या बाहेर परतवायचं, एवढंच डोक्यात होतं. पण येडू तेवढ्या वेळात आत आला होता. नवं मुंडासं बांधून पहिल्या रांगेत बसला होता. त्याच्यापुढं अंबू, दोन वेण्यांना लाल रिबिनी. बापलेकीनं गुरुजींना बघितलं आणि दोघं सारखंच हसली.

जीपमधून आलेले साहेब खुर्चीवर बसले होते. ते घाटावरचे नव्हते, बोलण्यावरून मुंबईकडचे वाटत होते. त्यांनी घड्याळ बघितलं. "चालू करा."

सूत्रसंचालन श्रीमंत गुरुजींकडंच होतं. ते माइकपुढं उभे राहिले. समोर ती सगळी तोंडं वर करून बसलेली. पाहुण्यांचं स्वागत झालं. मग गुरुजी म्हणाले, "आता संतांचं एक वचन म्हणतो," आणि त्यांनी डोळे मिटले.

ते वचन नव्हतं. त्यांच्या आजोळी दुधनीला जी कानडी बोलत, ती कानडी होती, या गावातही घरोघर कळणारी. "एद्दु होग्री," ते संथ सुरात म्हणाले, जसं देवळात म्हणतात तसं. उठा, निघून जा. मागच्या भिंतीवरून उड्या टाका. या खोल्यांत डॉक्टर बसलेत.

साहेब मान डोलवत होते. मांडवात क्षणभर कुणी हाललं नाही. मग मागल्या रांगेतला बसवराज तेली उठला. त्याच्यामागं आणखी कुणी. आणि मग सगळा मांडवच उठला. पोरं रडायला लागली, कनात फाटली, लाडवांची परात उलटली. भिंतीवर माणसं चढली. धोतरं काट्यांत अडकली, तशीच सोडून पळाली. शिट्ट्या वाजल्या. पोलीस फाटक सोडून भिंतीकडं धावले.

येडूला कानडी चांगली येत होती. त्यालाही कळलं होतं. पण तो भिंतीकडं पळाला नाही. त्या चेंगराचेंगरीत त्याची पोर मंचाच्या कडेला अडकली होती. तो तिच्याकडं गेला, तिला उचलून बाजूला घेतलं, आणि तेवढ्यात एका हवालदारानं त्याच्या मुंडाशाला हात घातला.

गुरुजींनी येडूचा हात धरला. "याला सोडा. याला एकच मुलगी आहे!"

"आम्हाला... मला भाऊ नाहीत," अंबू पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलायला गेली आणि अडखळली. "वारले ते. मी एकटीच आहे, साहेब."

तरुण डॉक्टर दारात येऊन उभा होता. त्यानं साहेबांकडं बघितलं. साहेबांचा चेहरा काळाठिक्कर पडला होता. इतकी तयारी, आणि हातात राहिली होती फक्त मूठभर माणसं.

"घ्या आत," साहेब म्हणाले. मग गुरुजींकडं बोट दाखवून, "आणि या मास्तरला बसवा जीपमध्ये."

येडू ओरडला नाही. दारातून आत जाताना त्यानं एकदाच मागं बघितलं. गुरुजींना वाटलं, आता शिवी देईल. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

गुरुजींना तालुक्याला नेलं, दिवसभर बसवून ठेवलं, आणि निलंबनाचा कागद हातात देऊन सोडलं. पकडलेल्यांना संध्याकाळी घरी पोचवलं म्हणून कळलं. येडूला बैलगाडीतून न्यावं लागलं, हेही कळलं.

जूनमध्ये शाळा उघडली. धनगराचं एकही पोर आलं नाही. बाकीचीही निम्मीच. गुरुजी शाळेत नव्हते, पण त्यांनी सोलापुरात खटपट करून अंबूसाठी हायस्कूलमध्ये जागा ठरवली होती. राहायला त्यांची चुलती सारजाबाई होती, गिरणीच्या चाळीत. तिनं आनंदानं हो म्हटलं होतं. हे सांगायला ते सायकलवरून रानात गेले.

तळ लांबूनच दिसला. आणि तळावरच्या माणसांनाही ते दिसले. पांढरा सदरा, टोपी, सायकल. एकजण ओरडला, "आलं रं!" आणि हातातली कामं टाकून पुरुष पळाले, ज्वारीच्या धसकटांतून, बाभळीच्या जाळीत, पोरासोरांना मागं सोडून. मेंढरं बिथरून चारी अंगांना पांगली. कुत्री गुरुजींच्या अंगावर आली.

अंबूनं कुत्र्यांना आवरलं. ती वाळली होती. केस नुसते मागं बांधले होते.

"गुर्जी, तुमी जावा," ती म्हणाली. "आप्पा पांढरी कापडं घातलेला मानूस बघितला की पळत्यात. रातचंबी दचकून उटत्यात."

गुरुजींनी हायस्कूलचं सांगितलं. सारजाबाईचं सांगितलं. बोलताना त्यांची नजर तिच्या खांद्यावरून बाभळीकडं जात होती. तिथं काहीतरी हालत होतं.

"आमी उद्या कर्नाटकात जायलाव," अंबू म्हणाली.

"तू थांब. मी गोजाबाईशी बोलतो."

"आईबी बोलत न्हाय कुनाशी."

"अंबू, तुझं डोकं... तालुक्यात पहिली आलीस तू."

ती खाली बघत उभी राहिली. पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. एवढ्यात बाभळीतून आवाज आला. येडूचा होता, पण पार बारीक, म्हाताऱ्यासारखा.

"अंबे, गेला का गं त्यो?"

अंबूनं गुरुजींकडं बघितलं.

"जायलेत, आप्पा," ती मोठ्यानं म्हणाली, आणि पांगलेली मेंढरं वळवायला पळाली.

गुरुजींनी सायकल फिरवली. सडकेला लागेपर्यंत त्यांनी मागं बघितलं नाही. आपण दिसेनासे झाल्याशिवाय ती माणसं बाहेर यायची नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं.